अंगणातलं तळं आणि काळ्या दगडाचा काठ

आमच्या घरामागे पूर्वी सिमेंटचा एक हौद होता. चार फूट लांब, तीन फूट खोल, आतून गुळगुळीत गिलावा केलेला. एका एप्रिलमध्ये सकाळी झाडांना पाणी घालायला गेले, तर त्यात खार बुडून मेलेली होती. हौद निम्मा रिकामा होता. पाणी प्यायला उतरली असणार आणि वर चढायला पायाला काही लागलं नसणार. पाण्याच्या वरच्या हिरव्या बुळबुळीवर चारी बाजूंनी तिच्या नखांच्या रेघा होत्या. बराच वेळ धडपडली असावी.

तो हौद आम्ही फोडला आणि त्याच जागी तळं केलं. आज तिथे भेक, म्हणजे खरखरीत कातडीचे बेडूक आहेत, चतुर आहेत, दुपारी बुलबुल आंघोळीला येतात. हौदातही पाणीच होतं आणि तळ्यातही पाणीच आहे. फरक आहे तो काठाचा. नव्याने तळं करणारे बहुतेक जण खड्डा, प्लास्टिक आणि कमळ यांचाच विचार करतात, काठ उरलेल्या दगडांवर आणि उरलेल्या वेळावर सोडतात. म्हणून हा लेख काठाभोवती लिहिला आहे. बाकीच्या गोष्टी लागतील तेवढ्याच सांगते.

जागा

दिवसातून चार-सहा तास ऊन मिळेल अशी जागा हवी. शक्यतो सकाळचं ऊन. मे महिन्यात दुपारी तीननंतर घराची किंवा भिंतीची सावली पडत असेल तर उत्तम. पूर्ण सावलीत पाणवनस्पती तग धरत नाहीत आणि चतुरही फिरकत नाहीत. झाडाच्या थेट खाली नको. फेब्रुवारी-मार्चच्या पानगळीत तळं पानांनी भरतं आणि पाणी चहासारखं होतं. वड, पिंपळ, उंबर आणि बांबू यांच्यापासून लांबच राहा, त्यांची मुळं तळ्यात अंथरलेल्या प्लास्टिकच्या अस्तरातून घुसतात.

अंगणातला सगळ्यात खोलगट कोपरा सोयीचा वाटतो, पण तो टाळा. पावसाळ्यात सगळ्या अंगणाची माती, शेणखत आणि शेजारून वाहून येणारं काय काय तिथेच उतरतं. घराच्या पायापासून, सेप्टिक टँकपासून आणि जमिनीखालच्या पाण्याच्या टाकीपासून आठ-दहा फुटांचं अंतर ठेवा. सोसायटीची बाग तळमजल्याच्या पार्किंगच्या स्लॅबवर असेल तर खणायचा विचारही करू नका. तिथे मोठ्या कुंडीतलं किंवा जुन्या घंगाळातलं छोटं तळंच बरं.

घरात किंवा शेजारी पाच वर्षांखालचं मूल असेल, तर ते मोठं होईपर्यंत थांबा, नाहीतर पाण्याच्या वर, मुलाचा भार पेलेल अशी लोखंडी जाळी बसवा. वीतभर पाणीसुद्धा लहान मुलाला पुरेसं असतं.

कधी खणायचं

पुण्यात याला एक चांगला मुहूर्त आहे: अक्षय तृतीयेनंतर खणायला घ्यायचं आणि मृग नक्षत्र लागायच्या आत, म्हणजे जूनच्या पहिल्या आठवड्यापर्यंत, काठ रचून मोकळं व्हायचं. जमीन कोरडी असते, खड्ड्याच्या कडा ढासळत नाहीत, आणि तळं भरायचं काम पाऊस करतो. शिवाय पहिल्या दमदार पावसाच्या रात्री बेडूक पाणी शोधत निघतात. तेव्हा तळं तयार असेल तर पहिल्याच वर्षी अंडी पडतात. ऑगस्टमध्ये तळं केलं तर त्यांच्यासाठी जवळपास वर्ष वाया जातं.

उन्हाळ्यातला मुरूम मात्र कुदळीला दाद देत नाही. आदल्या संध्याकाळी खणायच्या जागेवर पाणी सोडून ठेवा, सकाळी पहार घातली की ढेकळं निघतात. तुमच्याकडे काळी माती असेल तर गोष्ट उलटी. ती सहज खणली जाते, पण उन्हाळ्यात तडकते, पावसात फुगते, आणि त्यात कोरलेल्या पायऱ्या बसतात. अशा जमिनीत दगडाखालच्या पायरीवर चार इंच मुरूम टाकून धुमसून घ्या.

खड्डा

पहिल्या तळ्यासाठी दहा फूट लांब आणि सात फूट रुंद हा आकार बेताचा आहे. याहून लहान तळं उन्हाळ्यात फार तापतं. आधी जमिनीवर पाण्याची नळी वेटोळी टाकून आकार आखा, तो दोन दिवस तसाच राहू द्या, आणि स्वयंपाकघराच्या खिडकीतून, गच्चीतून बघा. शेंगदाण्यासारखा, मध्ये थोडा आत गेलेला आकार चांगला दिसतो आणि काठाची लांबीही वाढवतो.

मधोमध दोन फूट खोली पुरते. थंड देशांत तळं खोल करतात ते पाणी तळापर्यंत गोठू नये म्हणून. आपल्याकडे खोली हवी ती मे महिन्यासाठी. तळाचं पाणी थोडं गार राहिलं की बेडूक आणि किडे दुपारी तिथे उतरतात. खड्डा सगळीकडून सरळ उभा खणू नका. तीन भाग करा. मधला खोलगट भाग. त्याभोवती, काठापासून एक फूट रुंद आणि आठ-नऊ इंच खोल अशी पायरी. हिच्यावर दगड बसणार आहेत. आणि एका बाजूला, किमान तीन फूट रुंदीची, तळापर्यंत हळूहळू उतरत जाणारी घसरण, जिला मी उतार म्हणते. चार फूट पुढे गेल्यावर एक फूट खाली, असा तिचा हिशोब. खार, सरडा, भेकाची पिल्लं, आंघोळीला येणारे पक्षी, सगळे याच बाजूने ये-जा करतील. जागा कमी असेल तर खोली कमी करा, लांबी कमी करा, पण हा उतार सोडू नका.

आता पातळी. खड्ड्याची कड एका बाजूला दोन इंच जरी खाली असली तरी पाणी तिथूनच सांडणार, आणि समोरच्या बाजूला दोन इंच प्लास्टिक कायमचं उघडं दिसणार. गवंडी वापरतात ती पारदर्शक लेव्हलची नळी आणा, तिच्यात पाणी भरा, सगळ्या कडेने खुंट्या ठोका आणि एकेका खुंटीवर पाण्याची खूण करत जा. अर्ध्या तासाचं काम आहे आणि नंतरचा सगळा मनस्ताप वाचवतं.

अस्तर

याला सगळ्यात सोपी वस्तू म्हणजे शेततळ्याचा कागद, शेतातल्या तळ्यांत अंथरतात ते जाड प्लास्टिक. २०१६ साली सुरू झालेल्या 'मागेल त्याला शेततळे' योजनेनंतर तो गावोगाव माहीत झाला आणि शेती साहित्याच्या दुकानांत मापाने कापूनही मिळू लागला. जाडी ५०० मायक्रॉनची घ्या. बांधकामावर टाकतात ती काळी ताडपत्री किंवा निळा प्लास्टिकचा कागद दोन उन्हाळ्यांत चिरतो.

माप असं काढा: लांबी, अधिक खोलीची दुप्पट, अधिक दोन्ही टोकांना दोन-दोन फूट. दहा फूट लांब, सात रुंद, दोन खोल तळ्याला १८ फूट गुणिले १५ फूट. टोकांना एक फूट पुरेसं आहे असं कुणी सांगेल. साध्या तळ्याला पुरतंही. पण दगडाच्या मागून कागद वर घ्यायचा असतो, आणि नेमका तिथेच तो तोकडा पडतो.

कागदाखाली मऊ थर हवा. खड्ड्यातले टोकदार खडे वेचा, मुरमाची चाळ पसरा, आणि तिच्यावर जुन्या सिंथेटिक साड्या, गालिचे किंवा वापरून झालेले फ्लेक्स अंथरा. पुण्यात फ्लेक्सला तोटा नाही, एखादी निवडणूक किंवा वाढदिवस होऊन गेला की मागून आणा. सुती कापड मात्र नको, ते कुजतं. कागद दुपारच्या उन्हात तासभर पसरून ठेवला की मऊ पडतो, मग दोघांनी धरून आत सोडा. सुरकुत्या पडणारच. छोट्या छोट्या पंचवीस सुरकुत्यांपेक्षा दोन-तीन मोठ्या घड्या बऱ्या.

दगड

पुण्याच्या माणसाला दगड शोधायला लांब जावं लागत नाही. अख्खं शहर त्यावरच बसलं आहे. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी थरांवर थर साचलेल्या लाव्हाचा हा काळा पाषाण, म्हणजे बेसॉल्ट. तळ्याला तो फार चांगला, कारण पाण्यात तो काही सोडत नाही. संगमरवर किंवा चुनखडीचा दगड हळूहळू विरघळून पाणी अल्कधर्मी करतो, म्हणून फरशीच्या दुकानातले उरलेले पांढरे तुकडे तळ्यात नकोत.

मिळतो कुठे? जुनी इमारत पाडून नवी बांधायचं काम सध्या गल्लोगल्ली चालू आहे. तळघर खणताना निघालेला दगड ठेकेदाराला उचलून न्यायचाच असतो. विचारलं तर टेम्पोच्या भाड्यात मिळून जातो. वाघोली आणि मोशीच्या बाजूला खाणींवर डबर मिळतो. तो ताजा फोडलेला, धारदार आणि निळसर काळा असतो. त्याला रापायला दोन-तीन पावसाळे लागतात. वाघोलीच्या खाणींतल्या दगडाच्या पोकळ्यांत कधीकधी पांढरे स्फटिक चमकतात, आणि फार नशीब असेल तर कॅव्हन्साइट या दुर्मिळ खनिजाचा निळा ठिपका. तसा दगड पाण्याखाली घालू नका, वर बसवा.

सगळ्यात देखणा दगड म्हणजे मुरमात सापडणारा गोल गुंड. बेसॉल्ट झिजताना कांद्याच्या पापुद्र्यासारखा थराथराने सुटत जातो आणि आत गाभा उरतो, तो हा. असे पाच-सहा गुंड आणि बाकी डबर, एवढ्यावर सुंदर काठ होतो.

टेकडीवरून किंवा नदीतून मात्र एकही दगड आणू नका. वेताळ टेकडीवर सहज म्हणून उलटलेल्या दगडाखाली विंचू, पाल, गोगलगाय यांची घरं असतात. आपल्या अंगणात जीव यावेत म्हणून दुसरीकडच्या जिवांचं छप्पर काढायचं, याला अर्थ नाही. शिवाय परवानगीशिवाय गौण खनिज उचलणं हा गुन्हाही आहे.

किती लागेल? दहा बाय सातच्या तळ्याला साधारण एक छोटा टेम्पो. एक घनफूट बेसॉल्ट जवळपास ८० किलो भरतो, तेव्हा दोन माणसांनी पहारीने सरकवता येईल त्याहून मोठा दगड मागवू नका. उतरवून घेताना आकारानुसार तीन ढीग करा: मोठे, मधले, आणि कपच्या. जाड हातमोजे घाला. ढीग चार दिवस पडून राहिला असेल तर प्रत्येक दगड आधी पहारीने हलवा, मगच हात घाला. विंचू फार लवकर मुक्कामाला येतात.

काठ

पहिल्या वेळी मी सगळं चुकवलं होतं. सारख्या आकाराचे दगड कडेने एकापुढे एक मांडले, सिमेंटने जोडले, आणि कागदाचं टोक मागे मातीत पुरून टाकलं. माळ घातल्यासारखं दिसत होतं. त्यात पाणी रोज दीड-दोन इंचांनी उतरायला लागलं. कागद फाटला असं धरून मी तळं दोनदा उपसलं. भोक कुठेच नव्हतं. शेवटी दुरुस्तीला आलेले वडारकाका काठाभोवतीच्या मातीवर हात ठेवून म्हणाले, "ताई, एवढ्या उन्हात ही माती ओली कशी? हीच पितीय तुमचं पाणी." कागदाच्या टोकावरची माती पाण्याला टेकलेली होती आणि दिव्याच्या वातीसारखं पाणी ओढून बाहेर सोडत होती. तेव्हापासून मी जे शिकले ते असं.

आधी मोठे दगड घ्या. गवंडी म्हणतात की दगडाला तोंड असतं आणि बैठक असते. प्रत्येक दगड जमिनीवर दोन-चारदा फिरवून बघा; ज्या बाजूवर तो न डुगडुगता बसतो ती बैठक, आणि जी बाजू उन्हापावसाने रापली आहे ते तोंड. बैठक खाली, तोंड पाण्याकडे. पायरीवर कागदाच्या वर जुन्या साडीची चौपदरी घडी किंवा कागदाचाच उरलेला तुकडा टाका आणि त्यावर दगड ठेवा. ढकलत नेऊ नका, उचलून ठेवा. दगड थोडा मागे, काठाकडे रेललेला असावा. डुगडुगत असेल तर मागच्या बाजूने कपची सारा, पुढून नको. पुढची कपची पाण्याने निसटते. पायरी आठ-नऊ इंच खोल आहे, म्हणजे फुटभर उंचीच्या दगडाचा बराचसा भाग पाण्याखाली जाईल आणि माथा तेवढा वर राहील. हेच हवं आहे. पाण्यातून वर आलेला दगड तिथलाच वाटतो. काठावर ठेवलेला दगड ठेवलेलाच दिसतो.

या पहिल्या ओळीत दगडांना दगड चिकटवू नका. दोन-तीन जवळ, मग वीतभर फट, मग एक मोठा गुंड, असं. फटी हीच खरी जागा आहे: पाण्याखाली त्यांत बेडूकमासे लपतात, पाण्यावर भेक दुपार काढतात. सिमेंट अजिबात नको. ते चुना सोडतं, पाणी बिघडवतं, आणि या फटी बुजवतं. गावाकडे शेताच्या कडेला रचतात त्या गडग्यासारखं रचायचं. वजन आणि बैठक यांवरच सगळं उभं राहतं.

दुसरी ओळ पहिल्या ओळीच्या मागे आणि किंचित वर, दोन दगडांच्या सांध्यावर एक दगड येईल अशी. दोन्ही ओळींच्या मागची पोकळी धुतलेल्या खडीने भरा, मातीने नाही. आणि आता मुख्य गोष्ट: कागद या दुसऱ्या ओळीच्याही मागून सरळ उभा वर घ्या, पाण्याच्या ठरलेल्या पातळीच्या दोन-तीन इंच वर, आणि तिथे कापा. कागदाच्या आत दगड, खडी आणि पाणी; कागदाच्या बाहेर अंगणाची माती. या दोघांची कुठेही भेट होता कामा नये. उभं राहिलेलं काळं टोक बाहेरून एखादा चपटा दगड किंवा लोंबणारी नेच्यासारखी झाडं लावून झाकता येतं. लगेच कापायची घाई करू नका. तळं पूर्ण भरू द्या, दगडांच्या वजनाने कागद बसू द्या, आठवड्याने कापा. आणि एका जागी, पायवाटेपासून लांब, हे टोक अर्धा इंच खाली ठेवा. मुसळधार पावसात जास्तीचं पाणी तिथूनच बाहेर जाईल. त्यापुढे केळ किंवा अळू लावलं की ते वायाही जात नाही.

उताराच्या बाजूला मोठे दगड नकोत. तळाशी, जिथे उतार संपतो, तिथे नारळाएवढ्या गोट्यांची एक आडवी ओळ रोवा. ती नसेल तर वरची सगळी खडी हळूहळू मधल्या खोलगटात घसरते. तिच्या वर लिंबाएवढे, पेरूएवढे गोटे आणि जाड खडी मिसळून पसरा. एकसारख्या मापाचे गोटे पायाखाली लोळतात. मिश्र असले की एकमेकांत अडकून घट्ट बसतात. पाण्याच्या रेषेवर एक-दोन चपटे दगड ठेवा, ज्यांच्यावर अर्धा इंच पाणी असेल. पहिल्या दुपारीच दयाळ तिथे येऊन पंख भिजवून जाईल.

रचून झालं की प्रत्येक दगडावर उभं राहा, अंगातला सगळा भार एका पायावर टाकून. जो हलेल तो काढून पुन्हा बसवा. मुलं या दगडांवर चढणार आहेत.

पाणी

पन्नास चौरस फुटांचं हे तळं पायऱ्या आणि उतार धरून दीड हजार लिटरच्या आसपास पाणी घेतं. एक चौरस मीटर छपरावर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर. २० चौरस मीटर पत्र्यावर २५ मिलिमीटरचा एक पाऊस ५०० लिटर देतो, म्हणजे तीन चांगल्या पावसांत काम झालं. पहिल्या दोन सरींचं पाणी सोडून द्या, त्यात छपरावरची वर्षभराची धूळ आणि कबुतरांची घाण असते. नळाच्या पाण्यात क्लोरीन असतं. एकदम भरलंत तर कुठलाही जीव किंवा झाड सोडण्याआधी दोन दिवस उन्हात राहू द्या.

दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात पाणी हिरवंगार होईल. जवळपास प्रत्येक नव्या तळ्याचं होतं. उपसून नवं पाणी भरलंत तर तेच पुन्हा पहिल्यापासून. झाडं वाढली, पाण्याचा निम्मा पृष्ठभाग पानांनी झाकला, की ते आपोआप निवळतं. दोरे-दोरे शेवाळ आलं तर खरबरीत काठीला गुंडाळून काढा आणि एक रात्र उतारावर पसरून ठेवा. त्यातले किडे, गोगलगाई परत पाण्यात उतरतात.

झाडं

पायरीच्या फटींत वेखंड आणि ब्राह्मी. वेखंडाची तलवारीसारखी उभी पानं चतुरांना लागतात, ब्राह्मी दगडांवरून पाण्यात उतरते आणि कागद झाकते. मधल्या खोल भागात आपलं देशी कुमुद, एकच कंद, कुंडीत. पाण्याखाली हायड्रिला किंवा व्हॅलिस्नेरियाच्या दोन-तीन जुड्या, प्राणवायूसाठी. कुंड्यांमध्ये शेणखत घालायचं नाही, नुसती माती आणि वर खडीचा थर. बाहेरच्या ओल्या कोपऱ्यात अळू आणि दगडांच्या सावलीत हंसराज. सोलापूर रस्त्यावर उरुळी कांचनच्या बाजूला रोपवाटिकांची रांग आहे, तिथे चौकशी करा.

जलपर्णी कुणी कितीही प्रेमाने दिली तरी घेऊ नका. मुळा-मुठेवर तिचा हिरवा गालिचा आपण दरवर्षी बघतो. ती दक्षिण अमेरिकेतून आलेली आहे आणि एका मोसमात तळं झाकून टाकते. पिस्टिया आणि साल्विनिया या तरंगत्या वनस्पतीही तळं अशाच झाकून टाकतात. पाणकणीस दिसायला छान, पण त्याचे कोंब कागद भोसकतात.

डास

शेजारी पहिला प्रश्न हाच विचारतील, आणि तो रास्त आहे. डेंग्यूने पुण्यात माणसं दवाखान्यात जातात. डेंग्यू पसरवणारा एडिस डास मुख्यत्वे कूलर, कुंडीखालच्या ताटल्या, टायर अशा लहान, शांत पाण्यात वाढतो, जिथे त्याच्या अळ्यांना खाणारं कुणी नसतं. जुन्या तळ्यात चतुरांच्या अळ्या आणि पाणकिडे त्यांचा फडशा पाडतात. पण नवं तळं जुनं नसतं. पहिले पाच-सहा आठवडे खाणारे आलेले नसतात आणि डास मात्र आठवडा-दहा दिवसांत अंड्यापासून उडायला तयार होतो. या काळात जबाबदारी तुमची.

दर चार दिवसांनी पांढरी वाटी घ्या, काठाच्या फटीजवळचं पाणी हलकेच भरा आणि उजेडात धरा. वळवळणाऱ्या अळ्या दिसल्या, डोकं खाली आणि शेपूट पृष्ठभागाला लावून लटकलेल्या, की बीटीआय वापरा. हे एका जिवाणूपासून बनवलेलं औषध आहे, डासांच्या आणि त्यांच्या जवळच्या माश्यांच्या अळ्यांवर चालतं, बेडूकमाशांना त्रास देत नाही. मात्रा पाकिटावर दिलेली असते. रॉकेल किंवा जळकं ऑइल ओतणं म्हणजे तळं मारणं. महापालिकेचे कर्मचारी तपासणीला आले तर त्यांना पांढऱ्या वाटीत पाणी काढून स्वतः दाखवा, आणि औषध टाकण्याआधी बीटीआय वापरता हे सांगा. अळ्या नसतील तर ते समजून घेतात असा माझा अनुभव आहे.

गप्पी मासे सोडायचा सल्ला हमखास मिळेल. ते अळ्या खातात हे खरं. पण ते परदेशी आहेत, पावसाळ्यात वाहून ओढ्यात जातात, आणि बेडकांची अंडी, नुकतेच फुटलेले बेडूकमासे आणि चतुरांच्या लहान अळ्याही खातात. सिमेंटच्या टाकीला गप्पी ठीक. या तळ्याला कुठलाच मासा नको, निदान पहिली दोन वर्षं.

जे येतात ते

काहीही आणून सोडायचं नाही. बेडूक नाही, कासव तर नाहीच. आपल्याकडची मऊ पाठीची कासवं वन्यजीव संरक्षण कायद्याखाली येतात आणि दुकानातलं लाल कानाचं कासव परदेशी आहे. दुसऱ्या तळ्यातले बेडूक आणले की त्यांच्याबरोबर रोगही येतात. आपण काठ रचायचा आणि वाट बघायची.

पहिल्या पावसात भेक येतात. दुसऱ्या दिवशी सकाळी वेखंडाच्या बुडाशी काळ्या मण्यांची, पारदर्शक चिकाची लांबलचक दुहेरी पोत गुंडाळलेली दिसेल. ती त्यांची अंडी. तिला हात लावू नका. पाण्यावर झुकलेल्या फांदीला किंवा दगडाला साबणाच्या फेसासारखा पांढरा गोळा चिकटला असेल तर तो झाडबेडकाचा. आतली पिल्लं थेट पाण्यात गळून पडतात. मोसमी वाऱ्यांबरोबर पिवळसर चतुरांचे थवे येतात, तेच जे पावसाळा संपल्यावर समुद्र ओलांडून आफ्रिकेकडे जातात. त्यांची अळी दीड-दोन महिन्यांत तयार होते. ऑगस्टमध्ये एकदा पहाटे साडेपाचला उठून वेखंडाची पानं बघा. अळी पानावर चढून बसलेली असते, पाठ मधोमध उकलते, आणि आतून फिकट, ओला, चुरगळलेल्या पंखांचा चतुर हळूहळू बाहेर येतो. पंख ताठ व्हायला तास-दीड तास लागतो. तो उडून गेल्यावर मागे राहिलेली कात चुरगळू नका, मुलांना दाखवा. पायाची नखंसुद्धा पानाला जशीच्या तशी रुतलेली असतात.

बेडूक आले की एखाद्या वर्षी दिवडही येईल. ती बिनविषारी आहे, डिवचली तर चावते, एरवी पाण्यात सरकन नाहीशी होते. पण साप ओळखता येत नसेल तर अंदाज बांधू नका. कात्रजच्या प्राणिसंग्रहालयातल्या सर्पोद्यानात जाऊन नाग, घोणस, मण्यार नीट बघून या, आणि जवळच्या सर्पमित्राचा नंबर फोनमध्ये ठेवा. काठाचे दगड घराच्या दारापासून लांब ठेवायचं हेही एक कारण आहे.

उन्हाळा

दिवाळीनंतर एकदा वाळलेली पानं काढा आणि कुमुद विरळ करा. तळाचा गाळ सगळा उपसू नका, त्यात पुढच्या वर्षीचे चतुर असतात. एका वर्षी डावी बाजू, दुसऱ्या वर्षी उजवी.

मग येतात एप्रिल आणि मे. उघडं पाणी रोज सात-आठ मिलिमीटरने उतरतं, म्हणजे या तळ्यातून अडीच-तीन बादल्या. त्याहून जास्त उतरतंय असं वाटलं तर काठोकाठ भरलेली एक बादली तळ्याशेजारी ठेवा आणि तीन दिवसांनी दोन्ही मोजा. बादली आणि तळं सारखंच उतरलं असेल तर ते उन्हाचं काम. तळं जास्त उतरलं असेल तर उपसायच्या आधी काठाभोवती फिरून मातीवर हात ठेवा. जिथे ओल लागेल तिथे कुठेतरी माती कागदावरून आत सरकली आहे; तेवढाच दगड काढा, माती खरवडा, कागद पुन्हा उभा करा.

पाणी घालायचं ते संध्याकाळी, भाज्या-तांदूळ धुतलेलं नव्हे, आदल्या दिवशी भरून ठेवलेलं साधं पाणी, उताराच्या बाजूने हळूहळू. पाणी कमी असलेल्या वर्षी तळं निम्म्यावर आलं तरी चालेल, फक्त पाण्याची कड उतारावरच राहील एवढं बघा. तोपर्यंत खार स्वतः उतरून स्वतः वर येते.